जुन्या गाडीचे ऑइल तपासून नेमके काय कळते?

गाडीने दीड-दोन लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला की मालकापुढे एक प्रश्न हमखास येतो: इंजिन अजून किती साथ देईल, आणि खर्च करायचाच झाला तर तो कशावर करायचा? थोडा धूर दिसतो, गाडी थोडे ऑइल खाते, चढावर पूर्वीसारखा दम वाटत नाही. पण यातले काय वयाप्रमाणे झालेले आहे आणि कशामागे दुरुस्त होण्याजोगा बिघाड आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. अशा वेळी ‘एकदा ऑइल लॅबमध्ये तपासून घ्या’ असे कोणीतरी सुचवते. सूचना चांगली असते. मात्र लॅबकडून येणाऱ्या कागदावर वीस-पंचवीस आकडे, मूलद्रव्यांची चिन्हे आणि तळाशी दोन ओळींचा शेरा असतो, आणि बहुतेक जण तो शेरा वाचून कागद घडी घालून ठेवून देतात.

ही तपासणी ऑइल बदलण्याची योग्य वेळ शोधण्यासाठी असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ट्रक-बसचे मोठे ताफे चालवणाऱ्यांच्या बाबतीत ती खरीही आहे, कारण तिथे एकेका इंजिनात तीस-चाळीस लिटर ऑइल मावते आणि ते वेळेआधी ओतून देणे परवडत नाही. चार-पाच लिटर ऑइलवर चालणाऱ्या जुन्या खासगी गाडीला हा हिशेब फारसा लागू पडत नाही. तिच्यासाठी या तपासणीचा खरा उपयोग असा आहे की, इंजिनमध्ये आधी कुठे पाहायचे आणि काय उघडायची गरजच नाही, हे त्यावरून ठरवता येते.

## ऑइलमध्ये इंजिनचा माग कसा उरतो

इंजिनमधले धातूचे भाग ऑइलच्या पातळ थरावर फिरतात आणि सरकतात. हा थर कितीही चांगला असला तरी इंजिन सुरू होताना, जोर पडताना किंवा धुळीचा कण मध्ये आल्यावर धातूला धातू थोडा घासतोच आणि अतिसूक्ष्म कण सुटतात. फिरते ऑइल ते सोबत नेते. नदीच्या पाण्यासारखेच हे आहे: पाण्यात तांबडी माती उतरली की वरच्या अंगाला कुठली जमीन धुपते आहे हे तिथे न जाताही कळते, थोडा गाळ सर्वच नद्यांना असतो, म्हणून गाळ दिसला एवढ्यावरून काही ठरत नाही, तो कुठल्या रंगाचा आहे आणि मागच्या वेळेपेक्षा वाढला का, हे महत्त्वाचे असते, आणि दगडगोटे पाण्यावर तरंगत येत नाहीत, ते तळाशी राहतात. यातला शेवटचा मुद्दा लक्षात असू द्यावा, कारण या तपासणीची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्याशी निगडित आहे.

वापरलेल्या ऑइलमधील धातू मोजून इंजिनची अवस्था ओळखण्याची पद्धत नवी नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांद वेस्टर्न या रेल्वे कंपनीने डिझेल लोकोमोटिव्हच्या ऑइलवर ती वापरायला सुरुवात केली. पुढे लष्करी विमानांची इंजिने, जहाजे, खाणींमधली अवजड यंत्रे यांच्या देखभालीत ती रुळली. खासगी गाडीचा मालक तिच्याकडे वळला तो बऱ्याच उशिरा.

## लॅबमध्ये काय होते

मुख्य यंत्राला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. त्यात ऑइलचा नमुना काही हजार अंश तापमानाच्या ठिणगीत किंवा प्लाझ्मात जाळला जातो. तापलेले प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते. मिठाचा कण ज्योतीत पडला की ज्योत पिवळी होते ती मिठातल्या सोडियममुळे. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती तीव्र आहे हे मोजून कोणता धातू किती आहे ते काढतात. हे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे लिहितात. एक पीपीएम म्हणजे एक किलो ऑइलमध्ये एक मिलिग्रॅम. पाच लिटर ऑइलचे वजन साधारण 4.3 किलो भरते. अहवालात लोखंड 50 पीपीएम आले, तर त्या सगळ्या ऑइलमध्ये मिळून सुमारे 215 मिलिग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅमपेक्षाही कमी लोखंड आहे. एवढीशी झीज हाताला लागत नाही, कानाला ऐकू येत नाही आणि इंजिनच्या ताकदीत जाणवत नाही, पण यंत्राला मात्र ती स्पष्ट दिसते.

स्पेक्ट्रोमीटरखेरीज काही स्वतंत्र चाचण्या असतात: ऑइलचा दाटपणा, त्यात मिसळलेले इंधन, पाणी, काजळी, आणि आम्लाला तोंड देण्याची शिल्लक ताकद. सगळ्याच लॅब हे सगळे करत नाहीत. सर्वांत स्वस्त चाचणीत नुसते धातू आणि दाटपणा असतो. जुन्या गाडीसाठी इंधन आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) यांची तपासणी त्यात आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

## कोणता धातू कुठून येतो

लोखंड जवळजवळ सगळीकडून येते: सिलिंडरच्या भिंती, कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्ट, टायमिंग चेन, ऑइल पंप. त्यामुळे एकटे लोखंड वाढलेले दिसले तर ‘झीज वाढली’ एवढेच कळते, कुठली ते कळत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत आतल्या गंजामुळेही लोखंड वाढते. सोबत कोण वाढले, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

ॲल्युमिनियम मुख्यतः पिस्टनचे आणि क्रोमियम पिस्टन रिंगवरच्या मुलाम्याचे. लोखंड, ॲल्युमिनियम आणि क्रोमियम तिन्ही एकत्र चढले तर संशय सिलिंडर, पिस्टन आणि रिंगवर जातो. मग पुढची पायरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासण्याची असते, आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही.

शिसे, कथील आणि तांबे यांची गोष्ट जास्त बोलकी आहे. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, खालची बेअरिंग थराथरांनी बनलेली असते. जुन्या इंजिनांच्या बेअरिंगमध्ये बहुधा मागे पोलाद, त्यावर तांबे-शिशाचा थर आणि सर्वांत वर शिसे-कथिलाचा अगदी पातळ मऊ थर असतो. झीज वरून खाली होते, म्हणून अहवालात आधी शिसे आणि कथील वाढते. पुढे कधीतरी शिसे स्थिरावून तांबे चढू लागले, तर वरचा मऊ थर संपून खालचा थर उघडा पडल्याची शक्यता धरावी. या टप्प्यावर ऑइल प्रेशर साध्या मेकॅनिकल गेजने मोजून, गरज पडल्यास ऑइल चेंबर उतरवून बेअरिंग बदलल्या तर क्रँकशाफ्ट वाचतो. खडखड ऐकू येईपर्यंत थांबलो तर क्रँकशाफ्टवर ओरखडे पडलेले असतात आणि मग मोठे इंजिनकाम निघते.

शिशाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. पूर्वी पेट्रोलमध्येच शिसे घालत असत, त्यामुळे त्या काळच्या पेट्रोल इंजिनांच्या ऑइलमध्ये इंधनातून आलेले शिसे इतके असे की बेअरिंगच्या झिजेचे शिसे त्यात वेगळे ओळखता येत नसे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगात सर्वांत शेवटी अल्जेरियात 2021 मध्ये थांबली. त्यामुळे आज रस्त्यावरच्या गाडीच्या ऑइलमध्ये शिसे वाढलेले दिसले तर पहिला संशय बेअरिंगवर घेणे योग्य ठरते. जुन्या कोष्टकांमधल्या शिशाच्या मर्यादा मात्र आजच्या अहवालाला लावू नयेत.

नुसतेच तांबे वाढले असेल तर लगेच घाबरू नये. ऑइल कूलरमध्ये तांबे असेल आणि ऑइलचा ब्रँड नुकताच बदललेला असेल, तर नव्या ऑइलमधल्या रसायनांमुळे कूलरच्या आतल्या पृष्ठभागावरून तांबे सुटते आणि एक-दोन ऑइलबदलांनंतर आपोआप खाली येते. सोबत शिसे आणि लोखंड जागच्या जागी असणे, ही त्याची खूण आहे.

आता सोडियम आणि पोटॅशियम. हे दोन्ही झिजेचे धातू नाहीत. ते बहुतेक कूलंटमधल्या गंजरोधक रसायनांतून येतात. हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाच्या सांध्यातली सीलबंद पट्टी) किंवा ऑइल कूलर किंचित झिरपू लागला की कूलंट ऑइलमध्ये उतरते. इंजिनच्या उष्णतेने त्यातले पाणी उडून जाते, त्यामुळे ऑइलचा दुधाळ रंग, जो सगळ्यांना माहीत असतो, तो या टप्प्यावर दिसतच नाही. सोडियम-पोटॅशियम मात्र उडत नाही, मागे राहते. हे दोन आकडे चढले आणि रेडिएटरमधले कूलंटही हळूहळू कमी होत असेल, तर कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट लगेच करून घ्यावी. कारण कूलंट मिसळलेले ऑइल बेअरिंग फार लवकर खाते. काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच घातलेले असते. म्हणून तेच ऑइल न वापरलेले असताना कसे होते, हे एकदा तपासून ठेवणे उपयोगी पडते.

## धुळीची खूण

अहवालात सिलिकॉन वाढलेले दिसणे ही जुन्या गाडीसाठी मला सर्वांत मोलाची माहिती वाटते, कारण तिच्यावरचा उपाय बहुधा सर्वांत सोपा असतो. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम ही मातीतली मुख्य मूलद्रव्ये आहेत. एअर फिल्टरला वळसा घालून धूळ आत शिरली की दोन्ही एकत्र वाढतात, आणि साधारणपणे सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या दोन ते दहापट असते; नेमके गुणोत्तर मातीवर अवलंबून असते. धूळ धातूपेक्षा कठीण असल्यामुळे ती सिलिंडर आणि रिंग खरवडते, आणि पाठोपाठ लोखंड व क्रोमियम वाढते.

जुन्या गाडीत फिल्टर नवा असूनही धूळ जाते ती त्याच्या आजूबाजूने: फिल्टरच्या डब्याची तुटलेली क्लिप, उन्हाने वाळून तडकलेला रबरी होज, सैल झालेला क्लॅम्प, किंवा डब्यात नीट न बसणारा स्वस्तातला फिल्टर. फिल्टर काढून तो ज्या कडेवर टेकतो तिथे स्वच्छ बोट फिरवावे. फिल्टरच्या आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला, बोटाला माती लागली तर आणखी पुराव्याची गरज नाही. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगायला हवी: कागदी फिल्टरवर जोराची हवा मारून तो पुन्हा पुन्हा वापरण्याची सवय वाईट आहे. कागदाला पडलेली बारीक भोके डोळ्यांना दिसत नाहीत, ती थेट पुढच्या अहवालातल्या सिलिकॉनमध्ये दिसतात.

याला एक अपवाद आहे. इंजिन नुकतेच उघडून बांधले असेल आणि जोडांवर सिलिकोन सीलंट लावलेला असेल, तर त्यातूनही सिलिकॉन येते. पण मग ॲल्युमिनियम त्याच्याबरोबर चढत नाही.

## एका अहवालावर निकाल का देऊ नये

समजा, एका जुन्या डिझेल गाडीचे तीन अहवाल समोर आहेत. पहिल्या वेळी ऑइल 8,000 किलोमीटर चालले होते आणि लोखंड 24 पीपीएम होते. दुसऱ्या वेळी 5,000 किलोमीटरला लोखंड 20 आले. तिसऱ्या वेळी 9,000 किलोमीटरला ते 63 झाले. नुसते आकडे पाहिले तर दुसऱ्या वेळी इंजिन सुधारल्यासारखे वाटेल. पण ऑइल जितके जास्त चालेल तितका धातू त्यात जास्त साठतो, म्हणून हजार किलोमीटरमागे किती, असा हिशेब करावा लागतो. तो केला की 24 चे तीन होतात, 20 चे चार आणि 63 चे सात. म्हणजे कमी दिसलेला दुसरा आकडा प्रत्यक्षात वाढीची पहिली चाहूल होती, आणि तिसऱ्या वेळी झिजेचा वेग सुरुवातीच्या दुपटीहून जास्त झाला.

आता त्याच कागदावरचे बाकीचे आकडे पाहू. सिलिकॉन 8, 9 आणि 36. ॲल्युमिनियम 4, 4 आणि 12. क्रोमियम 1, 1 आणि 5. शिसे 3, 2 आणि 4. तिसऱ्या अहवालात सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या तिप्पट आहे आणि दोन्ही एकदम चढले आहेत. क्रोमियम त्यांच्यामागून वर आले आहे. शिसे, चाललेल्या किलोमीटरच्या मानाने, जिथल्या तिथे आहे. याचा अर्थ धूळ आत जाते आहे आणि ती सिलिंडर-रिंग झिजवते आहे, पण बेअरिंगला अजून धक्का लागलेला नाही. काम हवेच्या मार्गाचे आहे. या गाडीचे चेंबर उतरवण्याचे कारण नाही, आणि ‘वय झाले, इंजिन बांधून घ्या’ या सल्ल्याला तर अजिबात आधार नाही.

हजार किलोमीटरचा हिशेबही डोळे झाकून करू नये. ऑइल बदलताना जुने थोडे ऑइल आत राहतेच, त्यामुळे फार कमी चाललेल्या ऑइलचा वेग खोटा वाढलेला दिसतो. उलट जी गाडी ऑइल खाते आणि जिच्यात मध्ये मध्ये नवे ऑइल भरावे लागते, तिच्यातला धातू पातळ होऊन आकडे खोटे कमी दिसतात. दोन ऑइलबदलांच्या दरम्यान लिटर-दीड लिटर वरून ओतले असेल आणि ते लॅबला कळवले नसेल, तर ‘सर्व काही सामान्य’ असा शेरा मिळण्याची चांगलीच शक्यता असते.

लॅब जी ‘सरासरी’ छापते तिच्याकडेही जरा जपून पाहावे. त्याच इंजिनच्या इतर गाड्यांशी केलेली ती तुलना असते, आणि त्या गाड्या कशा चालल्या, कुठले ऑइल किती काळ वापरले, हे त्या आकड्यात दिसत नाही. पहिल्या अहवालापुरता तिचा आधार घ्यावा. तिसऱ्या अहवालानंतर आपली गाडी हीच आपली मोजपट्टी असते.

## ऑइल स्वतः किती टिकले

इथे तीनच गोष्टी पाहायच्या. पहिली दाटपणा. 15डब्ल्यू-40 सारख्या ऑइलचा 100 अंश सेल्सिअसला दाटपणा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) या पट्ट्यात असावा लागतो. तो खाली घसरला तर बहुतेक वेळा ऑइलमध्ये इंधन उतरलेले असते. वर चढला तर काजळी किंवा अतिउष्णतेने ऑइल घट्ट झालेले असते. दुसरी गोष्ट इंधनाचे प्रमाण. ते दोन टक्क्यांच्या पुढे गेले की लक्ष घालावे, आणि पाच टक्के झाले तर ऑइल लगेच बदलून कारण शोधावे: गळका इंजेक्टर, उघडा राहिलेला थर्मोस्टॅट, किंवा इंजिन तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या. तिसरी टीबीएन, म्हणजे ज्वलनातून तयार होणारे आम्ल निष्प्रभ करण्याची ऑइलमधली राखीव ताकद. नव्या ऑइलच्या निम्म्यावर ती आली की ऑइल बदलण्याची वेळ झाली असे ढोबळपणे मानतात.

## ‘मी ऑइल वेळेवर बदलतो, मग तपासणी कशाला?’

वेळेवर बदलणे चांगलेच आहे, पण त्याने कारण जात नाही, पुरावा मात्र जातो. फाटक्या होजमधून धूळ येत असेल तर नव्या ऑइलमध्येही ती येतच राहील. कितीही वेळा ऑइल बदलले तरी इंजेक्टरची गळती थांबत नाही. जे ऑइल एरवी ओतून दिले जाणार आहे, त्यातलेच जेमतेम शंभर मिलिलिटर बाटलीत भरून पाठवायचे असते.

## ‘ऑइल काळे झाले म्हणजे संपलेच ना?’

डिझेल इंजिनमध्ये नवे ऑइल थोड्याच किलोमीटरमध्ये काळे होते, कारण काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता आपल्यात तरंगत ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. काळे ऑइल उत्तम असू शकते आणि मधासारखे दिसणाऱ्या ऑइलमध्ये इंधन असू शकते. बोटांत चोळून दाटपणा ओळखण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. थंड ऑइल बोटाला जाड लागते. इंजिनमध्ये ते शंभर अंशांना कसे वागते, हे बोटाला कळत नाही.

## ‘जुना मेकॅनिक आवाजावरून ओळखतो’

ओळखतो, आणि त्याच्या कानावर विश्वास ठेवावा. पण आवाज येतो तो दोन भागांमधली फट वाढल्यावर, म्हणजे झीज होऊन गेल्यावर. ऑइलचा अहवाल झीज चालू असताना बोलतो. दोन्हींत भांडण लावण्याचे कारण नाही. उलट अहवाल हातात असेल तर चांगल्या मेकॅनिकचे काम सोपे होते, कारण आठ शक्यतांपैकी पाच त्याला बाजूला ठेवता येतात. अहवाल पाहून तो नुसता हसला, तर मात्र दुसरा मेकॅनिक शोधावा असे माझे मत आहे.

## ‘अहवाल चांगला आला, म्हणजे इंजिन ठणठणीत?’

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे. स्पेक्ट्रोमीटरला साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून मोठे कण ठिणगीत पुरते जळत नाहीत, त्यामुळे मोजलेही जात नाहीत. नदीच्या तळाशी राहिलेले दगडगोटे ते हेच. संथ, नेहमीच्या झिजेचे कण बारीक असतात, म्हणून ती झीज अहवालात छान दिसते. बेअरिंगचा पापुद्रा सुटणे किंवा कॅमच्या पृष्ठभागाचा तुकडा उडणे यातून मात्र मोठे कण निघतात. अशा वेळी अहवालातले आकडे मामुली असू शकतात आणि ऑइल फिल्टरमध्ये मात्र चकाकणारे तुकडे सापडतात.

म्हणूनच जुन्या गाडीच्या बाबतीत ऑइल फिल्टर कापून पाहणे हे तपासणीचे दुसरे अंग मानावे. फिल्टर आडव्या कटरने कापावा. करवतीने कापल्यास करवतीचेच कण आत पडतात आणि फसगत होते. आतला घड्यांचा कागद काढून, पिळून, उजेडात पसरावा आणि खालून चुंबक फिरवावा. चुंबकाबरोबर सरकतात ते लोखंडाचे कण. चकाकतात पण हलत नाहीत ते ॲल्युमिनियमचे किंवा बेअरिंगचे. काळे खडे असतील तर नखाने दाबून पाहावे. चुरा झाला तर तो कार्बन आहे, त्याची चिंता नको. बारीक चमक थोडीफार असतेच. नखाला जाणवतील असे पापुद्रे दिसले तर मात्र गाडी चालवणे थांबवावे, अहवाल काहीही म्हणो. काही लॅब लोखंडाचे मोठे कण मोजणारी ‘पीक्यू इंडेक्स’ नावाची चुंबकीय चाचणीही करतात. सोय असेल तर ती मागून घ्यावी.

ज्या बिघाडांचा ऑइलशी संबंधच नाही, ते या तपासणीत येणार नाहीत हेही उघड आहे. टायमिंग बेल्ट तुटण्याआधी ऑइलमध्ये काही सांगत नाही. क्लच, गिअरबॉक्स, टर्बोचा फुटलेला होज, वॉटर पंपची बाहेरची गळती, यांपैकी कशाचीही खबर तिथे नसते.

## नमुना नीट घेतला नाही तर सगळे वाया

इंजिन चांगले तापेल इतकी गाडी चालवून आणावी, म्हणजे खाली बसलेले कण ऑइलमध्ये मिसळतात. ड्रेन बोल्टच्या आसपासची माती पुसून घ्यावी, नाहीतर तीच सिलिकॉन म्हणून अहवालात येते. बोल्ट उघडल्यावर पहिली धार जाऊ द्यावी, कारण चेंबरच्या तळाचा गाळ तिच्यात असतो. मधल्या धारेखाली बाटली धरावी आणि लगेच झाकण लावावे. जमिनीवरच्या घमेल्यात पडलेले ऑइल उचलून भरू नये. बाटली लॅबने दिलेलीच असावी. धुतलेली पाण्याची बाटली चालत नाही, कारण एखादा थेंब राहिला तरी ‘ऑइलमध्ये पाणी’ असा निष्कर्ष निघतो. गरम ऑइलने हात भाजतो म्हणून हातमोजे घालावेत, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

बाटलीवरच्या चिठ्ठीत गाडीचे एकूण किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर, ऑइलचे नाव व ग्रेड, आणि मध्ये किती ऑइल भरले, हे लिहावे. या चार गोष्टींशिवाय आलेला अहवाल जवळजवळ निरुपयोगी असतो.

## कोणत्या गाडीसाठी, आणि किती वेळा

प्रत्येक जुन्या गाडीला ही तपासणी लागत नाही. जी निळा धूर सोडते आणि जिचे कॉम्प्रेशन गेलेले आहे, तिचे इंजिनकाम ठरलेले आहे. तिथे लॅबला पैसे देऊन नवे काही कळणार नाही. जी वर्षा-दोन वर्षांत विकायची आहे, तिलाही नको. जी गाडी आपण अजून पाच-सात वर्षे ठेवणार आहोत आणि जी सध्या बरी चालते, तिच्यासाठी सलग तीन ऑइलबदलांना नमुने पाठवावेत, म्हणजे तिचा स्वतःचा नेहमीचा आकडा काय आहे ते हाती येते. त्यानंतर दर दुसऱ्या ऑइलबदलाला एक नमुना पुरतो.

जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी नमुना तपासावा असा सल्ला दिला जातो, त्यात एक मोठी मेख आहे. विकणारा बहुधा गाडी दाखवण्याआधी ऑइल बदलतो, आणि शंभर-दोनशे किलोमीटर चाललेल्या ऑइलचा अहवाल कुठल्याही इंजिनचा सुंदरच येतो. ऑइल किमान दोन-तीन हजार किलोमीटर चाललेले असेल तरच त्या अहवालाला अर्थ आहे; नसेल तर तोच खर्च कॉम्प्रेशन तपासण्यावर करावा.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या अहवालाबाबतही घाई नको. होज बदलला, फिल्टरचा डबा नीट बसवला, नवे ऑइल भरले, तरी जुन्या ऑइलचा काही अंश आणि त्यातला धातू आतच राहिलेला असतो, आणि धुळीने खरवडलेले पृष्ठभाग गुळगुळीत व्हायलाही वेळ लागतो. म्हणून दुरुस्तीनंतरचे पहिले ऑइल नेहमीपेक्षा लवकर, निम्म्या अंतरावर बदलून त्याचा नमुना पाठवावा. त्यात सिलिकॉन खाली आलेले दिसायला हवे. लोखंड अजून थोडे चढे असले तरी चालेल. त्याच्या पुढच्या नमुन्यातही लोखंड उतरले नाही, तर धुळीने रिंग आणि सिलिंडरचे जे व्हायचे ते झालेले आहे असे समजून कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते हे पाहणारी चाचणी) करून घ्यावी.